‘मागे!’ म्हटलं आणि तो मागेच आला: अरुंद भटारखान्यातल्या धडकांवर इलाज

आधी तक्रार नीट मांडतो, कारण हीच तक्रार मी जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच ढाबेवाल्यांकडून ऐकली आहे. पोरं मुकी नाहीत. रस्सा घेऊन येताना ओरडतात. "सरक", "साईड", "गरम गरम", सगळं म्हणून होतं. तरी रविवारच्या गर्दीत एकदा तरी कोपर लागतं, ट्रे कलंडतो, कुणाच्या तरी पायावर तर्री सांडते. मालक म्हणतो, "अरे, ओरडायला काय होतं तुम्हाला?" पोरगं म्हणतं, "ओरडलो ना भो!" आणि दोघंही खरं बोलत असतात.

ओरडणं पुरतं नाही म्हणून आम्ही आणखी मोठ्याने ओरडायला लागलो. त्याने फक्त बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांची करमणूक झाली. ओरडायचं काय, हा प्रश्न आमच्या डोक्यात यायलाच दोन उन्हाळे गेले.

आमचा शेवभाजीचा ढाबा पारोळा आणि एरंडोलच्या मधे, सुरत-नागपूर महामार्गाला लागून. पूर्वी याला सहा नंबर म्हणायचे, आता ५३ म्हणतात. भट्टी आणि समोरचा ओटा यांच्यामधली वाट सव्वादोन फुटांची. त्या वाटेवर भट्टीचे नाना, फोडणीवाला पोऱ्या, टोकाला तंदूरवाला भैया, आतल्या बाजूला भाकरीच्या मावशी, मोरीपाशी भांडीवाला, आणि सतत आतबाहेर करणारे तीन वेटर. मोठा टोप घेतलेला माणूस या वाटेने जाताना दुसऱ्याच्या पाठीला घासूनच जातो. भिंत पाडायची तर पलीकडे दुसऱ्याचं शेत. म्हणून जे काय करायचं ते तोंडानेच करायचं होतं.

शेवभाजीच्या भटारखान्याला त्यात एक जास्तीचा त्रास आहे. शेव आधी घालून ठेवता येत नाही, तिचा लगदा होतो. रस्सा उकळता ठेवायचा, ऑर्डर आली की वाटीत घ्यायचा, वर जाड तिखट शेव टाकायची आणि पळायचं. म्हणजे प्रत्येक ताटाला घाई. दुसरं म्हणजे तर्री. वर तेलाचा थर असला की खालच्या पाण्याची वाफ सुटत नाही. वरण उकळतं ते दिसतं, चहा गरम आहे ते दिसतं, पण तर्रीदार रस्सा भट्टीवरून उतरवला की थंड पडल्यासारखा शांत दिसतो. नव्या पोराला वाटतं, निवलाय. आत तो पार उकळीच्या जवळ असतो. साठ अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, इथे तर वरून तेलाचं पांघरूण. डोळ्याला इशारा मिळत नाही म्हटल्यावर तो कानाला मिळायला हवा.

भाच्याने आणलेला शब्द

माझा भाचा पुण्याला एका मोठ्या हॉटेलात तीन वर्षं होता. परत आला तो तिथली शिस्त घेऊन. कुणाच्या मागून जाताना "बिहाइंड", वळणावर "कॉर्नर", गरम भांडं असेल तर "हॉट", सुरी असेल तर "शार्प". ज्याने ऐकलं त्याने उत्तर द्यायचं. पद्धत चांगली, यात वाद नाही. पण पहिल्या दिवशी तो "बिहाइंड!" म्हणत आला आणि नाना म्हणाले, "कोणता भाऊबंद?"

मग ठरलं, मराठीत बोलू. बिहाइंड म्हणजे मागे. सोपं काम.

तिसऱ्याच दिवशी भाचा रश्श्याचा टोप दोन्ही हातांत धरून भट्टीकडून ओट्याकडे येत होता. फोडणीवाला पोऱ्या त्याला पाठमोरा. भाचा ओरडला, "मागे!" पोऱ्याने ऐकलं आणि निमूटपणे एक पाऊल मागे आला. सरळ टोपावर. रस्सा भाच्याच्याच हातावर आणि पायावर.

पोऱ्याला रागावण्यात अर्थ नव्हता. शब्द पोचला होता, समजला होता, पाळलाही गेला होता. आपल्याकडे "मागे!" असं कुणी दरडावलं की माणूस मागे सरकतो. जत्रेतल्या गर्दीत पोलीस हेच ओरडतो, रथ ओढताना हेच ओरडतात, ट्रॅक्टर मागे घेताना पोरगं हेच ओरडतं. मागे म्हणजे "मी मागे आहे" असं कुणाच्या डोक्यात येतच नाही. आमच्या अहिराणीतल्या ‘मांगे’चंही तेच. इंग्रजी शब्द जसाच्या तसा मराठी करून घेतला आणि तो आमच्या हातावर आला, तोही तर्रीसकट.

तुमच्याकडे "मागे" चालू असेल तर आजच बंद करा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

क्रियापद काढून टाका

जुने शब्द का चालत नव्हते हे शोधायला आम्ही गर्दी ओसरल्यावर, चार वाजता, नानांना मधे बसवून बोलत बसलो. तेव्हा एक गोष्ट कळली, आणि सगळा इलाज तिच्यातून निघाला.

आपल्या भाषेत कुणाला बाजूला हो म्हणायचं तर आधी ठरवावं लागतं की समोरचा कोण. सरक? सरका? सरकता का? नाना साठीचे. अर्ध्या पोरांना झारा धरायला त्यांनीच शिकवलं. एकोणीस वर्षांचं पोरगं त्यांच्या पाठीशी येऊन "सरक" म्हणेल? जीभच रेटणार नाही. मग ते म्हणतं, "नाना, जरा बाजूला होता का?" त्यात कामाचा शब्द येतो शेवटी, कारण आपलं वाक्यच तसं आहे, मुद्दा टोकाला. "नाना, मी गरम रस्सा घेऊन येतोय" यातलं "येतोय" बाहेर पडेपर्यंत पोरगं येऊन ठेपलेलं असतं. माणूस चालताना सेकंदाला साधारण चार फूट जातो. आमची अख्खी वाट चौदा फुटांची.

उलट नाना पोरांना दिवसभर "ए, सरक" म्हणतात. कामासाठी म्हणतात, रागाने म्हणतात, लाडानेही म्हणतात. त्यामुळे नानांच्या "सरक"ला पोरांचे कान मेलेले. "साईड"चंही तेच, एस.टी. स्टँडवरच्या हमालापासून वरातीतल्या बॅटरीवाल्यापर्यंत सगळेच साईड मागतात. आणि साईड म्हणजे कोणती बाजू, हे कुणीच सांगत नाही.

आणखी एक, हे मावशींनी सांगितलं: "हुकूम आला की माणूस आधी मान वळवून बघतो, कोण बोलला ते." अगदी खरं. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की कोपर बाहेर येतं. धडक त्या कोपराची असते.

म्हणून आम्ही ठरवलं की इशाऱ्यात क्रियापद नको. हुकूम नको, विनंतीही नको. नुसती खबर. खबर लहानाने मोठ्याला दिली तर त्यात उर्मटपणा नसतो. "नाना, पाऊस!" असं आपण बिनधास्त ओरडतो की नाही, तसंच.

मागून जाताना आमचा शब्द आता आहे "पाठ!". तुझी पाठ, एवढंच. ऐकणाऱ्याने करायचं काय? काहीच नाही. हलायचं नाही, वळायचं नाही, आहे तिथे अंग आवरून उभं राहायचं. वाट काढायची ती चालणाऱ्याने. हा नियम शब्दापेक्षाही महत्त्वाचा आहे, आणि शिकवायला तोच अवघड. आपल्या अंगात आदर असा मुरलेला की कुणी आलं की माणूस सरकून जागा देतो. भटारखान्यात जागा देऊ नका. उभे राहा.

नातं जोडायचं तर शब्दाच्या नंतर: "पाठ, नाना!", "पाठ, मावशी!". आधी खबर, मग मान. उलटं केलं, "नाना, पाठ!" म्हटलं, तर नाना "काय रे?" म्हणून वळतातच. दोन दिवस करून बघा, फरक कळेल.

"पाठ"वर यायच्या आधी "आलो!" करून पाहिलं होतं. नाही जमलं. वेटर दिवसभर गिऱ्हाइकाला "आलो आलो" म्हणतच असतो आणि येत नाही, त्यामुळे त्या शब्दावर भटारखान्यात कुणाचाच विश्वास नाही.

गंमत तंदूरवाल्या भैयाची झाली. त्याने इमानाने "पाठ"चं हिंदी केलं आणि पहिल्याच दिवशी परातीसकट "पीठ!" ओरडत आला. मावशींनी हातातली भाकरी न थांबवता विचारलं, "कोनतं, ज्वारीचं का कळण्याचं?" त्या दिवसापासून भैया "पाठ"च म्हणतो. शब्द कुठल्याही भाषेतला घ्या, पण सगळ्यांनी एकच घ्या. आमच्याकडे अहिराणी आहे, लेवा बोली आहे, सातपुड्याकडची पावरी बोलणारा पोऱ्या आहे, भैयाची भोजपुरी आहे. ज्याला जी येईल त्यात बोलू दिलं तर कान आधी भाषा ओळखत बसतो.

भट्टी काही अक्षरं खाते

हे आम्हाला अपघातानेच सापडलं. मोठ्या दाबाची भट्टी चालू असली की तिचा आवाज कसा असतो? सूऽऽ, शूऽऽ. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ची भट्टीच दिवसभर जपमाळ ओढत असते. त्यात तुम्ही "सरक", "साईड", "सुरी" म्हटलं की पहिलं अक्षर भट्टी गिळते. समोरच्याला ऐकू येतं "अरक" आणि "उरी". वर एक्झॉस्ट, वर मिक्सर.

म्हणून शब्द असा हवा की त्यात मोकळा ‘आ’ असेल आणि सुरुवात ओठांनी, जिभेने किंवा घशातून ठोकून होईल. "पाठ" त्यात बसतो. सुरीसाठी आम्ही "धार!" घेतला. सुरी नेताना टोक जमिनीकडे, मांडीला लागून, धार मागच्या बाजूला, आणि तोंडाने "धार!". चांगला खणखणीत जातो.

पण त्याने नवीच अडचण उभी केली. गल्ल्याकडून आत येणाऱ्या दारापाशी वेटर "दार!" ओरडायचे. गलक्यात "दार" आणि "धार" एकच. एकदा तर दार उघडणाऱ्या वेटरला बघून मावशी पाटा सोडून भिंतीला चिकटल्या. आता दोन्हींपैकी एक शब्द बदलावा लागणार होता. मी सुताराला बोलावून दाराची फळीच काढून टाकली आणि जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला. पलीकडचा माणूस दिसतो, ओरडायची गरजच संपली. असं जिथे जमेल तिथे शब्द वाढवू नका, शब्दाची गरज काढा. पाचापेक्षा जास्त शब्द गर्दीत कुणाच्या ध्यानात राहत नाहीत.

वळणासाठी "कोपरा!". आमच्या मोरीपाशी वाट काटकोनात वळते. भांडीवाला उष्ट्या ताटांची चळत छातीपर्यंत घेऊन येतो, त्याला पलीकडचं दिसत नाही. वळणावर पोचल्यावर ओरडून उपयोग नाही, तीन पावलं आधी ओरडायचं. आम्ही तिथे जमिनीवर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारला. पट्ट्यावर पाय पडला की तोंड उघडायचं. नव्या पोराला एवढंच सांगावं लागतं.

‘गरम’ला अर्थ उरलेला नाही

हा खास आपल्या खान्देशचा घोळ. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की भटारखान्यात दर मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "बापरे, किती गरम शे!" वेटर गिऱ्हाइकाला सांगतो, "गरम गरम आणतो." मालक विचारतो, "गरम केलं का?" एवढ्या गरमांत इशाऱ्याचा गरम कोणता, हे कानाने कसं निवडावं?

आणि गरम म्हणजे काय गरम? तव्यावरून काढलेली भाकरी गरमच, तळणाची कढई पण गरमच. भाकरीला दोन बोटं अंतर पुरतं. कढईतलं तेल तळणाला १७० ते १९० अंशांवर असतं, तिला अख्खी वाट मोकळी लागते. म्हणून आम्ही गरम शब्द बंद करून वस्तूचं नाव घ्यायला लागलो. "पाठ, तेल!" "पाठ, रस्सा!" "पाठ, तवा!" तेल ऐकलं की नाना हातातलं उलथणंसुद्धा खाली ठेवतात. तवा ऐकला की नुसतं पोट आत घेतात. किती जपायचं ते ज्याचं त्याला कळतं.

जमिनीवर सांडलं असेल तर "पाणी!" म्हणू नका. पाणी प्रत्येक टेबलावर मागतात. आमच्याकडे "निसरडं!" म्हणतात. शब्द लांब आहे आणि त्यात ‘स’ही आहे, मला फारसा पसंत नाही, पण त्याला दुसरा सापडला नाही. तोवर सांडल्या जागेवर उलटी पाटी ठेवतो.

डावी-उजवी नको, आणि उत्तर आल्याशिवाय पाय नको

"डावीकडून!" म्हटलं की तुमची डावी का माझी? पाठमोऱ्या माणसाची आणि तुमची डावी एकच असते, समोरासमोर आलात की उलटी. गर्दीत हा हिशेब कोण करणार. आम्ही खुणा ठरवल्या: भट्टी आणि मोरी. "पाठ, मोरीकडून!" म्हणजे मी मोरीच्या बाजूने जातोय. भट्टी कुणाच्या डावीला असो की उजवीला, ती जागा सोडत नाही.

उत्तर एकच: "हा!" आपल्याकडे ते आपोआपच येतं, "हा भो" म्हणायची सवय सगळ्यांना. फक्त ते प्रत्येक वेळी यायला हवं. "हा" आला नाही तर चालणाऱ्याने थांबायचं आणि परत म्हणायचं. पण जड टोप हातात असताना थांबणं सोपं नाही, हात भरून येतात, मग पोरं उत्तराची वाट न बघता घुसतात. त्यासाठी वाटेच्या दोन्ही टोकांना गुडघ्याएवढी लोखंडी स्टुलं ठेवली. टोप टेकव, "हा" ऐक, मग उचल. टोप पाऊणच भरायचा. आणि धरायचं फडकं कोरडं हवं. ओल्या फडक्याने तापलेला कडा धरला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती हातालाच भाजते. मग बिचारा ओरडतो खरा, पण इशारा द्यायला नाही.

शिकवायचं कसं

भिंतीवर पाच शब्दांचा बोर्ड लावला होता. त्यावर तर्रीचे शिंतोडे उडाले, एवढाच त्याचा उपयोग. लग्नपत्रिकेसारखा बोर्ड पहिल्या दिवशी वाचला जातो, नंतर नाही.

कामाला आलं ते असं: सकाळी दहाला, भट्टी पेटायच्या आधी, टोपात गार पाणी भरून सगळ्यांनी आपापल्या जागेवर उभं राहायचं आणि एकाने ती वाट चालायची. "पाठ, रस्सा!" "हा!" सांडलं तर पाणीच सांडतं, हशा होतो. नंतर मिक्सर आणि एक्झॉस्ट चालू करून तेच. नव्या पोराला तीन दिवस असं चालवल्याशिवाय मी रश्श्याला हात लावू देत नाही. नाना पहिल्या दिवशी म्हणाले, "चाळीस वर्षं भट्टीवर हाये, आता माले चालनं शिकाडशी का?" त्यांच्यासाठी मी एकच केलं. पहिला टोप त्यांच्याच हातात दिला आणि पोरांना पाठमोरं उभं केलं. साठीच्या माणसाला "पाठ, पोरहो!" ओरडत जाताना पाहिल्यावर पोरांचीही लाज गेली.

एक सावध करतो. भट्टीजवळ वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर तो सांगत नाही. नुसता "हा" म्हणून मोकळा होतो. नानांचं तसंच निघालं, भट्टीकडचा कान मंद. आता त्यांच्याकडे जाताना पोरं शब्दाबरोबर ओट्याच्या स्टीलवर झाऱ्याने दोनदा ठोकतात. अंगाला हात लावून सांगायची पद्धत आम्ही ठेवली नाही. मावशींना ते आवडत नाही, आणि चटक्याच्या धास्तीत उभ्या माणसाला अचानक हात लागला तर तो दचकतोच.

मंडपातला स्वयंपाक

हिवाळ्यात भरिताचा हंगाम आला की आमची माणसं शेतातल्या पार्ट्यांना जातात, आणि लग्नसराईत आचाऱ्यांच्या हाताखाली. तिथे भिंती नसतात, म्हणून वाटतं, जागा मोकळी आहे. ती मोकळी नसते. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणारे, सोलणारे, ठेचणारे, कळण्याच्या पुऱ्या तळणारे, सगळे धुरात एकमेकांच्या पायात. वर घरचे पाहुणे "काय चाललंय" बघायला येतात, लहान पोरं कढईभोवती शिवाशिवी खेळतात. पाहुण्याला "पाठ!" काय कळणार? तिथे शब्दावर विसंबू नका. कढईभोवती खाटा आडव्या लावा नाहीतर दोरी बांधा, आणि आत-बाहेर करायला एकच तोंड ठेवा. मोठं पातेलं दोघांनी बांबूला अडकवून नेताना फक्त पुढच्याने बोलायचं. दोघंही बोलले की दोघांच्या सूचना वेगळ्या निघतात.

डीजे सुरू झाला तर बोलणं संपलं. तेव्हा झाऱ्याने परात वाजवा.

तरीही सांडलंच तर

भाजलेल्या जागेवर वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून. अंगठी, कडं, हातातला दोरा सूज यायच्या आत काढा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, फोड फोडू नका. नंतर स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका. भाजलेलं तळहातापेक्षा मोठं असेल किंवा चेहरा, हाताचा पंजा, सांधा यावर असेल तर दवाखाना, लांब असाल तर १०८ ला फोन.

आता यात आपल्याकडची अडचण बघा. भाच्याचा हात आम्ही धावत नळाखाली धरला आणि तो किंचाळला. दुपारचे दोन, गच्चीवर काळी टाकी, नळाचं पाणी चहाला ठेवल्यासारखं. मे महिन्यात खान्देशातल्या कुठल्याही गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी असंच असतं. तेव्हापासून मोरीजवळ, सावलीत झाकण घातलेला तोटीचा पिंप ठेवलाय, रोज सकाळी भरायचा. त्यातलं पाणी दुसऱ्या कशाला घ्यायचं नाही. पोरं त्याला "चटक्याचा पिंप" म्हणतात, आणि एकदा भांडीवाल्याने त्यात कलिंगड गार करायला टाकलं म्हणून नानांनी त्याला अख्खा दिवस बोलणं ऐकवलं.

सगळं केलं, तरी धडका होताहेत?

मग कोण कोणाच्या वाटेत जातंय ते बघा. एक दिवस मी गल्ला सोडून आत स्टुलावर बसलो आणि नुसतं पाहिलं. फोडणीवाला दर दोन मिनिटांनी वाट ओलांडून मिठाच्या डब्याकडे जात होता. डबा उचलून त्याच्या हाताशी ठेवला. वेटर पाण्याचे जग भरायला मोरीपर्यंत येत होते. माठ बाहेर नेला. निम्म्या धडका एवढ्यानेच गेल्या. हे मी आधी केलं असतं तर निम्मे शब्दही लागले नसते, पण अक्कल उलट्या क्रमाने येते. कानात इअरफोन घालून भांडी घासणं बंद केलं. त्यावर थोडी नाराजी झाली, मग मोरीजवळ एक लहान स्पीकर आला, आवाज भट्टीपेक्षा खाली ठेवायच्या अटीवर.

एक धडक मात्र राहिली होती. कॅलेंडरवर आम्ही फुल्या मारतो, धडक झाली की त्या तारखेवर एक फुली आणि खाली नाव, कोण न बोलता आलं ते. गेल्या महिन्याच्या फुल्या पोरांनी मला दाखवल्याच नाहीत, पान उलटून ठेवलं होतं. मी उलटून बघितलं. प्रत्येक फुलीखाली एकच शब्द: शेठ. गल्ल्यावरून उठायचं, कानाला मोबाइल लावायचा आणि पडदा सारून थेट भट्टीपर्यंत जायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. मालक येतोय म्हणून पोरं बाजूला होणार हे मी धरूनच चाललो होतो. आणि पोरं होतही होती, तेलाकडे पाठ करून.

आता पडद्याशी आलो की फोडणीवाला पोऱ्या माझ्याकडे बघत उभा राहतो. मी "पाठ!" म्हणेपर्यंत "हा" म्हणत नाही.